कोयंड्यातलं फूल

डॉक्टरबाईंनी माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली आणि माझा पाय हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली, मग दुसऱ्या पायावर. मी उशीला टेकून माझ्याच पायांकडे बघत होतो आणि ते मला ओळख दाखवायला तयार नव्हते.

"गुलियन बॅरे सिंड्रोम," त्या म्हणाल्या. मला वाटलं कुणा परदेशी पाहुण्याचं नाव सांगतायत. माझी बायको सुमन कॉटचा कठडा धरून उभी होती. तिनं विचारलं, "बरा होतो का हा आजार?"

"बहुतेक जण होतात. पण हा आजार पायाकडून वर चढतो. चढायला दिवस लागतात, उतरायला महिने. श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला तर मशीन लावावं लागेल. तुम्ही वेळेत आणलंत. आजचा दिवस घरी काढला असता तर काही सांगता आलं नसतं."

आजाराचा अर्थ मला नंतर कळला. शरीरात रोगाशी लढणारी जी ताकद असते, ती कधीकधी एखाद्या साध्या जंतूशी लढून झाल्यावरही थांबत नाही आणि चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते. वायरीवरचं प्लॅस्टिक उंदरानं कुरतडावं तसं नसांवरचं आवरण जातं. मग मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही. माझ्या बाबतीत निमित्त झालं ते शेवगावच्या एका लग्नातलं जेवण. दोन दिवस पोट बिघडलं, बरं झालं, मी विसरून गेलो. दहा-बारा दिवसांनी तळपायांना मुंग्या आल्या.

हे मी दोन तऱ्हेच्या माणसांसाठी लिहितोय. ज्यांच्या दोन्ही पायांना मुंग्या येऊन त्या रोज थोड्या वर चढतायत, त्यांच्यासाठी. आणि रविवारी सकाळी "आज राहू दे, देव काय घरात नाही का" असं म्हणून कूस बदलणाऱ्या माझ्या ख्रिस्ती भावंडांसाठी. मी एकाच रविवारी दोन्ही होतो.

मी एसटीत कंडक्टर होतो. रविवारी ड्युटी असायची, त्यामुळे चर्च सुटलं, आणि निवृत्त झाल्यावर ते परत धरायचं राहून गेलं. करोनात चर्च बंद होतं तेव्हा आमच्या मंडळीतल्या पोरांनी उपासना मोबाईलवर दाखवायला सुरुवात केली. पुढे चर्च उघडलं, सगळे परत गेले, मी मात्र मोबाईलवरच राहिलो. खुर्ची घरची, चहा घरचा, आणि उपदेश लांबला तर आवाज कमी करायची सोय. असा देव मला फार सोयीचा वाटला.

आमचं गाव नेवासा तालुक्यातलं. चर्च जुनं, दगडी. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला देऊळच म्हणतात. पुरुष एका अंगाला बसतात, बाया दुसऱ्या. तिसऱ्या खिडकीखाली माझी जागा. तिथं भिंतीवर आधी बाबांच्या आणि मग माझ्या डोक्यानं पडलेला तेलाचा डाग आहे.

आणि आमच्याकडे एक रीत आहे. उपासना संपली की वेदीवरच्या फुलदाणीतली फुलं जे आले नाहीत त्यांच्या घरी जातात. हे काम साराआत्याचं. ती माझ्या वडिलांची चुलत बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, अंगानं काडी आणि चालीनं वारं. आजाऱ्याला एक फूल, बाळंतिणीला एक, आणि माझ्यासारख्या ठणठणीत आळशालाही एक. ती उपदेश करत नाही, का आला नाहीस म्हणून विचारत नाही. "देवळातलं हाय," म्हणते, फूल हातात ठेवते, चालू लागते.

तिच्या त्या न बोलण्याचाच मला राग यायचा. म्हणून मी रविवारी सुमन बाहेर पडली की आतून कडी लावून घ्यायचो. आत्या दोनदा दार वाजवायची, मी झोपल्याचं सोंग करायचो. मग ती बाहेरच्या कोयंड्यात फूल खोचून निघून जायची. दुपारी दार उघडलं की ते माझ्या पायाशी पडायचं.

तर मुंग्या आल्या बुधवारी. गुरुवारी पायरी चढताना कठडा धरावा लागला. शुक्रवारी चप्पल पायातून निसटायला लागली आणि मला कळेना. मी सुमनला म्हटलं, "पाय बरे नाहीत गं." गेली चार वर्षं गुडघेदुखी हा माझा रविवारचा ठरलेला बहाणा होता. ती म्हणाली, "व्हय, रविवार जवळ आलाच." तिचं काय चुकलं? लांडगा आला, लांडगा आला, असं मीच इतक्यांदा ओरडलो होतो. तरी तिनं बाम चोळून दिला. तुम्ही असं करू नका. दोन्ही पायांना सारख्या मुंग्या येत असतील आणि रोज वर सरकत असतील, तर बाम ठेवून द्या आणि दवाखाना गाठा.

रविवारी ती चर्चला गेली. तिकडून महिला मंडळाची सभा होती, यायला दोन-तीन तास जास्त लागणार होते. मी कडी लावली, मोबाईल स्टुलावर पेल्याला टेकवून ठेवला, उपासना लावली. दुसऱ्या चहासाठी उठलो आणि पाय घडी घातल्यासारखे खाली गेले.

मी पडलो तो कुशीवर. फार लागलं नाही. पण उठता येईना, आणि हातही शेणामातीत रुतल्यासारखे जड. मोबाईल समोर चार हातांवर होता आणि तो चालू होता.

ती सकाळ मला अजून स्वप्नासारखी आठवते. खिडकीतून ऊन येत होतं, ते सरकत सरकत माझ्या तोंडावर आलं. समोर तळहाताएवढं चर्च. कॅमेरा मागच्या भिंतीला लावलेला, त्यामुळे सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. सुमनची निळी साडी, डोक्यावर पदर. तिच्या शेजारी साराआत्याचं पांढरं डोकं. तिसऱ्या खिडकीखाली माझी जागा मोकळी, कुणी तिथं सरकलेलं नव्हतं. गाणं चाललं होतं. मी हाक मारली, "सुमे." आवाज कुजबुजीएवढा आला. "सुमे, मी पडलोय." तिनं टाळ्या वाजवल्या, कारण गाण्यात टाळ्यांची जागा आली होती.

मग पाळकसाहेबांनी आजाऱ्यांची नावं वाचली. त्यांच्यासाठी प्रार्थना करायची असते. एकेक नाव येत होतं आणि मी माझ्या नावाची वाट बघत होतो. माझं नाव नव्हतं. कसं असणार? कुणाला माहीतच नव्हतं. मी फरशीवरून माझं नाव माझ्याच तोंडानं घेतलं, आणि मोबाईलमधली सगळी मंडळी "आमेन" म्हणाली, दुसऱ्या कुणाच्या तरी नावाला. मला सगळे दिसत होते आणि मी कुणालाच दिसत नव्हतो. चार वर्षं मी याला उपासना म्हणत होतो.

उपासना संपली. मोबाईल आपोआप पुढच्या गोष्टीवर गेला आणि कुणीतरी मोठ्यानं कांद्याचे बाजारभाव सांगायला लागलं.

थोड्या वेळानं दार वाजलं, दोनदा. मी ओरडायचा प्रयत्न केला. छातीत हवाच नव्हती. कोयंड्यात फूल खोचल्याची बारीक खुडखुड ऐकू आली. आता ती जाणार, हे मला चार वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. मी डोळे मिटले आणि म्हटलं, देवा, आता तरी.

ती गेली नाही. का, ते तिनंच नंतर सगळ्यांना सांगितलं. मला ती लहानपणापासून दाव्या म्हणते. "दाव्या आशीर्वाद व्हायच्या आत फोन बंद करतो, मला ठावं हाय. आज कांद्याचा भाव चाललाय. दाव्याकडं कांद्याची एक पात न्हाई, त्यो कशाला भाव ऐकंल?" ती घराला वळसा घालून खिडकीशी आली. तिला माझे पाय दिसले.

शेजारचा भाऊसाहेब जेवत होता, तो हात न धुता आला. त्यानं दार फोडलं आणि मला आपल्या टेम्पोत घातलं. वाटेत चर्चपाशी सुमनला घेतलं, आणि नगरपर्यंत आत्या माझ्या उशाशी बसून होती. भाऊसाहेब पुढून म्हणाला, "आत्या, तुमचा देव लई चिवट हाय." आत्या म्हणाली, "तू गाडी चालीव."

नगरच्या त्या हॉस्पिटलात दोन तपासण्या झाल्या. नर्व्ह कंडक्शन स्टडी म्हणजे नसांना बारीक विजेचे झटके देऊन निरोप किती वेगानं जातो ते बघतात. झटका दिला की दचकायला होतं, एवढंच. लंबर पंक्चर म्हणजे पाठीच्या कण्यातून सुईनं पाणी काढतात. कुशीवर पोटाशी गुडघे घेऊन निपचित पडायचं. भीती वाटते, पण सोसवतं. मग आयव्हीआयजी सुरू केलं. निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेलं हे औषध पाच दिवस सलाईनमधून देतात. कुणाकुणाच्या रक्तातलं काय काय माझ्या अंगात गेलं, मी त्यांना कधी भेटणार नाही.

तिसऱ्या दिवशी श्वास अपुरा पडायला लागला आणि व्हेंटिलेटर लावला, म्हणजे श्वास देणारं मशीन. पुढे गळ्याला छिद्र पाडून नळी तिथून बसवली. बोलणं बंद. मानेखाली काही हलेना. डोकं मात्र जागं होतं. जवळच्यांनी हे लक्षात ठेवा, पेशंट दगडासारखा पडलेला दिसला तरी तो ऐकत असतो. त्याच्या कॉटपाशी उभं राहून त्याच्याबद्दल बोलू नका, त्याच्याशी बोला.

सिस्टरनं सांगितलं, हो असेल तर एकदा डोळे मिटा, नाही असेल तर दोनदा. तिला काय माहीत, आमच्या खात्यात एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. ती विचारायची, "नळी साफ करताना त्रास होतोय?" मी थांब म्हणून एकदा मिटायचो, ते बरोबर लागू पडायचं. "झालं, जाऊ मी?" म्हटल्यावर मी चला म्हणून दोनदा मिटायचो आणि ती बिचारी परत यायची. तिला वाटलं असेल, या बाबाला सोबत फार लागते. तेही खोटं नव्हतं.

आयसीयूत दिवस नसतो. दिवे कायम लागलेले, मशीनचा आवाज कायम तोच. अशा ठिकाणी डोळे उघडे असतानाही स्वप्नं पडतात. घाबरू नका, पुष्कळांना पडतात, डॉक्टरबाईंनीच सांगितलं.

माझी कॉट एसटी झाली होती. मी शेवटच्या बाकावर आडवा, खांद्याला तिकिटांची पेटी. गाडी एका मोकळ्या माळावरून चालली होती. रस्ता नव्हता, तरी एक धक्का बसत नव्हता. बाहेर ज्वारी, पांढरी, आभाळापर्यंत. मध्येच गाडी थांबायची आणि एकेक जण चढायचं. पाळकसाहेब चढले, सुमन चढली, आमच्या मंडळीतले सगळे चढले, जे वारले होते तेही. बाया डावीकडे बसल्या, पुरुष उजवीकडे. बाबा तिसऱ्या खिडकीशी बसले, आणि त्यांनी शेजारी जागा धरून ठेवली. मी विचारत होतो, "कुठं जायचं?" कुणी ठिकाण सांगेना. साराआत्या सगळ्यात शेवटी चढली. तिला पंचाहत्तरीच्या पुढची म्हणून तिकीट लागत नाही. ती म्हणाली, "तुझ्याकडंच निघालोय. तू गाडी का थांबवंना?" मी घंटीची दोरी ओढायला हात वर केला आणि हात नव्हता.

हे स्वप्न मला किती वेळा पडलं ते सांगता येणार नाही. दरवेळी ज्वारी थोडी जास्त वाढलेली असायची.

मग वीनिंग सुरू झालं. म्हणजे मशीनची सवय सोडवणं. पाच मिनिटं मशीन काढतात, स्वतः श्वास घ्यायचा, मग परत लावतात. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं. ऐकायला सोपं आहे. पहिल्या मिनिटाला मला वाटलं, मी मरतोय. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मनात काहीतरी म्हणा. मोजत राहा." मी प्रभूची प्रार्थना म्हणायचं ठरवलं. लहानपणापासूनची, झोपेतही यावी अशी.

ती अर्ध्यावर अडली. पुढची ओळ येईना. मला जी लाज वाटली ती अजून जात नाही. चार वर्षं मी ती नुसती ऐकली होती, ओठ हलवले नव्हते. श्वास अडला, मशीन परत लावलं.

दुसऱ्या दिवशी मी निराळं केलं. डोळे मिटले आणि थेट चर्चमध्ये जाऊन बसलो, तिसऱ्या खिडकीखाली, डोकं त्या डागाला टेकवून. माझ्या शेजारी शमुवेलमामा बसायचे. जुनी गोष्ट, ते वारून वर्षं झाली. मामा प्रार्थनेत कायम सगळ्यांच्या एक शब्द मागे असायचे, आणि त्यांचा आवाज रांजणातून आल्यासारखा. लहानपणी आम्ही हसायचो. त्या दिवशी मी पुन्हा तिथंच अडलो, आणि शेजारून मामांचा मागे राहिलेला शब्द आला. त्या शब्दाला धरून पुढची ओळ आली, मग पुढची. सगळी मंडळी म्हणत होती, मी फक्त त्यांच्यात होतो. दहा मिनिटं कधी झाली कळलं नाही.

त्या दिवशी मला जे कळलं ते साधं आहे. एकट्याची प्रार्थना देव ऐकतो, फरशीवर पडलेल्याचीही ऐकतो. पण एकट्याचा श्वास पुरत नाही. शेजारचा एक शब्द मागे असला तरी लागतो, किंबहुना तसाच लागतो. मामा काही माझ्यासाठी चर्चला येत नव्हते. ते दर रविवारी नुसते येत राहिले, आणि तेवढ्यावर मी तगलो.

सात आठवड्यांनी मला वॉर्डात आणलं. गळ्यातली नळी निघाली. पहिला शब्द निघाला तो "सुमे", आणि या वेळी तिनं मागे वळून बघितलं. ती रडली, मीही रडलो. मग तिनं पिशवीतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत वाळलेली फुलं होती, शेवंती, झेंडू, दोन गुलाब. साराआत्या दर रविवारी उपासना झाल्यावर एसटीनं नगरला येत होती. आयसीयूत फुलं नेऊ देत नाहीत, दारावरचा माणूस तिला दरवेळी अडवायचा. ती फूल सुमनच्या हातात द्यायची, बाकावर थोडी टेकायची, परतीची गाडी धरायची. वाळलेली फुलं एकमेकांना चिकटली होती. सुमननं ती चादरीवर एकेक करून मांडली तेव्हा मला कळलं, मी किती रविवार तिथं होतो. सगळ्यात जुनं होतं ते कोयंड्यातलं.

घरी आल्यावरही फुलं येत राहिली. फिजिओथेरपी, म्हणजे स्नायूंना पुन्हा शिकवण्याचा व्यायाम, रोज दोनदा. आधी बोट, मग मनगट, मग कॉटच्या काठावर बसणं. या आजारात धीर हेच निम्मं औषध आहे. आज काही झालं नाही असं वाटलं तर मागच्या महिन्याकडे बघा. आत्या यायची, फूल द्यायची, जायची. दार आता सताड उघडं असायचं. भाऊसाहेबानं नवी कडी बसवून दिली होती, ती मी कधी लावली नाही.

सहा महिन्यांनी एका रविवारी मी वॉकर धरून चर्चला गेलो. भाऊसाहेबानं टेम्पोनं पायरीपर्यंत सोडलं. आत सगळं तेच होतं, आणि मला ते सगळं त्या ज्वारीतल्या गाडीसारखं वाटत होतं, हलकं, धक्के न बसणारं. तिसऱ्या खिडकीखाली खुर्ची ठेवलेली होती. मी डोकं डागाला टेकवलं. आजाऱ्यांच्या नावांत माझं नाव त्या दिवशीही वाचलं गेलं आणि सगळे आमेन म्हणाले, मीही म्हणालो. प्रार्थनेत मी सगळ्यांच्या एक शब्द मागे पडलो. श्वास अजून तेवढाच पुरतो. पुढच्या बाकावरची दोन पोरं हसली. मला फार बरं वाटलं.

उपासना संपली. साराआत्या वेदीपाशी गेली, फुलदाणीतली फुलं काढली, पदरानं त्यांचे ओले देठ पुसले. ती माझ्या बाजूनं यायला लागली तसा मी सवयीनं हात पुढे केला. इतक्या फुलांनंतर हात आपोआप जातो.

तिनं माझ्या हाताकडे बघितलं. "तुला कशाला? तू तर आलाईस," ती म्हणाली आणि पुढे गेली.

माझा हात तसाच राहिला. चार वर्षं जे फूल मी पायाखाली पडू दिलं, ते न मिळाल्याचा एवढा आनंद होईल हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. मी खुर्चीतच बसून रडलो आणि कुणी मला गप्प केलं नाही.

दारापर्यंत जाऊन आत्या परत आली. तिच्या हातात एक पिवळी शेवंती होती. "खालच्या आळीतली मार्था आली न्हाई आज," ती म्हणाली. "माझं गुडघं आता तिकडचा उतार न्हाई उतरत. तुझ्या वाटंवरच हाय."

मी फूल वॉकरच्या दांडीला बांधलं. मार्थाचं घर दोनशे पावलांवर आहे, मला त्याला अर्धा तास लागला. दार आतून बंद होतं. मी दोनदा वाजवलं, आणि लगेच निघालो नाही.